बुलढाणा जिल्ह्यातील लग्नचित्रण : व्हीएचएसपासून एचडीपर्यंत

बुलढाणा जिल्ह्यात घरगुती चित्रण मुख्यतः लग्नसमारंभांतून रुजले. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर अशा गावांतील फोटो स्टुडिओंनी व्हीएचएस कॅसेटचे अवजड कॅमेरे आणले आणि लगनसराईत बँडवाल्याच्या जोडीने शूटिंगवाल्यालाही आगाऊ इसार दिला जाऊ लागला. १९९५ मध्ये आलेल्या मिनीडीव्ही या डिजिटल फितीमुळे कॅमेरा तळहातावर मावू लागला. पुढे २००३ मध्ये जाहीर झालेल्या एचडीव्ही पद्धतीत त्याच छोट्या कॅसेटवर १०८० आडव्या रेषांचे, म्हणजे अधिक बारकाव्यांचे चित्र साठू लागले, तर २००६ च्या एव्हीसीएचडी पद्धतीने हार्डडिस्क आणि मेमरी कार्ड वापरात आणून फितीची गरजच संपवली.

तरीही एचडी कॅमेऱ्याची निवड सोपी नव्हती. प्रकाश टिपणारा संवेदक तेवढाच ठेवून त्याचे अधिक बिंदूंत विभाजन केले की प्रत्येक बिंदूच्या वाट्याला कमी प्रकाश येतो. त्यामुळे रात्रीच्या मांडवात हॅलोजन दिवा जरा दूर गेला, की शालूच्या जरीवर आणि अंतरपाटामागच्या चेहऱ्यांवर रवाळ ठिपके उमटत. शिवाय घरोघरी टीव्ही आणि डीव्हीडी ५७६ रेषांचीच असल्याने ते वाढीव बारकावे पाहणाऱ्यापर्यंत पोहोचतच नसत. अशा वेळी लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशासाठी स्वतंत्र संवेदक असलेला साधा तीन-चिपांचा मिनीडीव्ही कॅमेरा घेणे, हा मागासलेपणा नसून पूर्ण शहाणपणाचा व्यवहार होता.

फितीवरील चुंबकीय थराला पावसाळी दमटपणाने बुरशी लागते आणि अशा फिती वाचणारी यंत्रे आता बनत नाहीत. म्हणून कपाटातील लग्नाच्या कॅसेट कुटुंबांनी लवकरात लवकर संगणकावर उतरवून घ्याव्यात.