हेडसेट लावल्यावर फोन कोण उचलणार?

गेल्या दिवाळीत पुण्याहून शहाद्याला घरी आलो, तेव्हा बॅगेत ऑफिसमधून मागून आणलेला व्हीआर हेडसेट होता. तो आईसाठी आणला होता. आई एएनएम आहे, म्हणजे पाड्यावरच्या लोकांची 'सिस्टर'. धडगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात तिची नोकरी. गेली काही वर्षं तिची झोप पार मोडली आहे. रजेवर घरी आली तरी फोन उशीखाली. कुठल्या तरी पाड्यावर बाईला कळा सुरू होतील आणि फोन वाजेल, हे तिच्या अंगात मुरलंय. फोन आला नाही तरी ती दोन वाजता उठून स्क्रीन बघते.

व्हीआरने ताण कमी होतो, झोप सुधारते असं मी वाचलं होतं. मग मित्राचा ३६० अंशांचा कॅमेरा घेऊन तोरणमाळला गेलो आणि पहाटेच्या यशवंत तलावाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढला. पाणी, धुकं, पाखरांचे आवाज. आईने हेडसेट लावला. दोन मिनिटं ती गप्प होती, खांदे जरा सैल झाले. मग म्हणाली, "अरे, ही कडेची वाट कुठं जाते माहितीय का? त्या पाड्यावर माझी एक बाई आहे, नववा लागलाय तिला." हेडसेट काढून ती फोन शोधायला लागली. मी म्हटलं, "आई, दहा मिनिटं तरी बस." ती म्हणाली, "आणि हे लावून बसल्यावर फोन कोण उचलणार?"

तेव्हा मी हसलो. नंतर या तंत्राचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा कळलं की आईने नेमका मुद्दा धरला होता.

व्हीआरची सुरुवात करमणुकीतून झाली. अमेरिकेतल्या मॉर्टन हाइलिग या सिनेमावाल्याला १९६२ मध्ये 'सेन्सोरामा' या यंत्राचं पेटंट मिळालं. खुर्चीत बसून डोकं एका खोक्यात घालायचं. मग चित्राबरोबर वारा, वास आणि हादरेही मिळायचे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा डिस्प्ले लोकांसमोर आणला. तो छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याला जोडलेला असे. डोकं वळवलं की चित्रही त्याप्रमाणे बदलायचं. माझ्या बॅगेतला हेडसेट आजही हेच काम करतो.

उपचारात हे तंत्र आलं ते भीतीच्या निमित्ताने. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम आणि संगणकशास्त्रज्ञ लॅरी हॉजेस यांच्या गटाने उंचीची भीती वाटणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काचेची लिफ्ट, झुलते पूल, उंच गॅलऱ्या, सगळं संगणकात. विद्यार्थी हळूहळू वर जायचे, घाबरायचे, थांबायचे, पुन्हा जायचे. भीती कमी झाली. पण शेजारी थेरपिस्ट असे. कधी पुढे जायचं, कधी थांबायचं, यावर त्याचं लक्ष असे.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. सिॲटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी व्हीआर वापरायला सुरुवात केली. भाजलेली जखम साफ करताना, पट्टी बदलताना अफूजन्य औषधं दिली तरी असह्य वेदना होतात. त्यातून 'स्नोवर्ल्ड' तयार झालं. रुग्ण बर्फाच्या दरीतून जातो, स्नोमॅन आणि पेंग्विनवर बर्फाचे गोळे फेकतो. वेदना जाणवायलाही मेंदूचं लक्ष लागतं; ते बर्फाकडे गेलं की वेदनेच्या वाट्याला कमी येतं.

या दृश्यात हेडसेट न लावलेलं एक माणूस आहे: पट्टी बदलणारी नर्स. ती जखमेपाशी असते म्हणूनच रुग्णाला बर्फात जाता येतं. मग नर्सलाच बर्फात जायचं असेल, तर जखमेपाशी कोण थांबणार?

२०२० मध्ये हा प्रश्न जगभर समोर आला. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाने कोविडच्या लाटेत संशोधनाच्या जागेतच कर्मचाऱ्यांसाठी 'रिचार्ज रूम' उभारल्या. त्यात हेडसेट नव्हता, पण कल्पना तीच: भिंतीवर निसर्गदृश्य, मंद प्रकाश, संगीत, सुगंध. साधारण पंधरा मिनिटं बसल्यावर कर्मचाऱ्यांनी ताण बराच कमी झाल्याचं सांगितलं. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि परिणाम अल्पकालीन असल्याचं अभ्यासाच्या शीर्षकातच म्हटलं आहे. शिवाय ती पंधरा मिनिटं मिळायला वॉर्डात दुसरं कुणीतरी उभं असावं लागतं.

त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात काय चाललं होतं? अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेतून होडी वल्हवत अलीगाट आणि दादर या पाड्यांकडे जात होत्या. कोविडच्या भीतीने बायका-मुलं केंद्रावर यायची थांबली होती, म्हणून त्याच निघाल्या. अठरा किलोमीटर वल्हवण्याची त्यांची बातमी देशभर गेली आणि कौतुक झालं. त्या आजारी पडल्या असत्या तर होडी कुणी वल्हवली असती, हा प्रश्न त्या कौतुकात मला दिसला नाही.

डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा सरकारी निकष आहे, सपाटीवर ५,०००. यात माणसं मोजली जातात. पाडे किती विखुरलेत, मध्ये किती नाले आहेत, पावसाळ्यात बाईला झोळीत घालून किती चालावं लागतं, हे त्या आकड्यात नाही.

आणि झोपेचं काय? १९८८ मध्ये स्वीडनच्या टॉर्सव्हाल आणि ओकरस्टेड या संशोधकांनी जहाजावरच्या इंजिनिअरांची झोप मोजली. रात्री इंजिनचा अलार्म वाजला तर उठायची जबाबदारी ज्यांच्यावर असे, त्यांची गाढ झोप त्या रात्री घटलेली दिसली. अलार्म वाजण्याच्या आधीच. कधीही बोलावणं येईल, या जाणिवेनेच ती उथळ झाली होती. हे वाचताना मला आईची उशी आठवली. मीही रिलीजच्या आठवड्यात ऑन-कॉल असतो, पण आमच्यात रोटा असतो. माझी पाळी संपली की अलर्ट दुसऱ्याच्या फोनवर जातात. आईच्या ऑन-कॉलला मात्र पाळीच नाही.

म्हणून दिवाळी संपायच्या आत मी वेगळंच काम केलं. शेजारच्या उपकेंद्रातल्या सिस्टरशी आई बोलली. आठवड्यातून दोन रात्री आईचे फोन त्यांच्याकडे जाणार, दोन रात्री त्यांचे आईकडे. सेटिंगमध्ये जाऊन कॉल फॉरवर्डिंग लावलं. माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीचा घराला झालेला हा सर्वांत छोटा उपयोग असेल.

पहिल्या रात्री आई तरीही दोनला उठली. फोन बघितला, पाणी प्यायली, परत आडवी झाली. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, "काल पाचपर्यंत झोपले." आवाजात जरा अपराधीपणा होता. पण या जुळणीत त्या दुसऱ्या सिस्टरच्या माथ्यावर दोन रात्री दोन उपकेंद्रांचा भार येतो, आईच्याही तसाच येतो. दोघींनी आपली झोप आपसांत वाटून घेतली, एवढंच. तिसरं माणूस कुठून आलेलं नाही.

व्हीआर निरुपयोगी आहे असं मला म्हणायचं नाही. त्या दुसऱ्या सिस्टरना हेडसेट फार आवडला. पुढच्या वेळी समुद्र आण म्हणाल्या, तोरणमाळ नको. मी कोकणात जाऊन व्हिडिओ काढणार आहे. त्या तो बघत असतील तेव्हा त्यांचा फोन आईकडे असेल.