टँगो, लावणी आणि रामजोशींचे सोलापूर

सोलापुरात मराठी शिकवणाऱ्यांना रामजोशी टाळता येत नाहीत. शाहिरी काव्याचा घटक आला की आम्ही वर्गात ती गोष्ट सांगतो. उत्तर पेशवाईतला हा शाहीर आपल्याच गावचा, विद्वान जोशी घराण्यातला. थोरले बंधू मुद्गल जोशी पुराणिक. धाकटा मात्र धोंडी शाहिराच्या तमाशाच्या नादी लागला, घराबाहेर पडला, पंढरपुरास जाऊन संस्कृत शिकला आणि परत येऊन पुन्हा डफाकडेच वळला. पुढे बारामतीच्या मोरोपंतांची गाठ पडली आणि शाहिराचा कीर्तनकार झाला. मुलांना ही गोष्ट आवडते. खरे सांगायचे तर आम्हांलाही ती सांगायला आवडते. परंतु सांगता सांगता तिला एक आकार येतो: तमाशा म्हणजे खड्डा, त्यात पडलेला बुद्धिमान ब्राह्मण मुलगा आणि त्याला हात देऊन वर काढणारे पंत. या आकाराबद्दल आम्हांला पहिल्यांदा शंका आली ती टँगोचा इतिहास वाचताना. सोलापूरच्या शाहिराला अर्जेंटिनाच्या नाचाच्या रांगेत बसवणे वाचकांना ओढाताणीचे वाटेल. आम्हांलाही आरंभी तसेच वाटले होते.

टँगोचा जन्म दक्षिण अमेरिकेत, प्लाता नदीच्या मुखाशी समोरासमोर वसलेल्या ब्युनॉस आयर्स आणि माँतेव्हिदेओ या दोन बंदरांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत झाला. १७७८ च्या गणनेत ब्युनॉस आयर्समधील सुमारे ३० टक्के लोक आफ्रिकी वंशाचे, म्हणजे बहुतांशी गुलाम किंवा गुलामांचे वंशज होते. त्यांच्या ढोलांचा नाच 'कांदोंबे', क्यूबाहून आलेली 'हाबानेरा' ही लय आणि गुराख्यांच्या मैदानी मुलखातील 'मिलोंगा' हे गाणे, असे तीन प्रवाह बंदराकाठी मिसळले. त्यांत इटली-स्पेनहून बोटी भरभरून आलेल्या मजुरांची भर पडली. १९१४ च्या जनगणनेत या शहरातील जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले निघाले, आणि त्यांत एकट्या पुरुषांचा भरणा मोठा. एका खोलीत एक बिऱ्हाड, मधे सामाईक चौक, अशा त्यांच्या घरांना 'कोन्वेंतिय्यो' म्हणत. गिरणगावातली चाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते घर डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. या चौकांत, गुत्त्यांत आणि वेश्यागृहांच्या दिवाणखान्यांत टँगो वाढला.

घरापासून दूर असलेले, खिशात थोडा पैसा असलेले एकटे पुरुष हा लावणीचाही पहिला श्रोता आहे. मुलूखगिरीवर गेलेल्या मराठी फौजा आठ-आठ महिने छावणीत काढीत. शाहिरीला पेशव्यांचा, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय मिळाला हे खरे. पण तिचा कान तयार झाला तो शिपायांच्या गर्दीत. पेशवाई बुडाल्यावर आश्रय गेला, तेव्हा तमाशा जत्रांकडे आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांच्या परिसरात गेला. घाटावरून आणि कोकणातून आलेले, बायकामुले गावी ठेवलेले कामगार खाणावळीत जेवत आणि तंबूत किंवा थिएटरात तमाशा पाहत. सोलापूरची जुनी मिल १८७० च्या दशकातली. आमच्या गावात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एका भोंग्यावर उठू लागल्या त्या तेव्हापासून.

स्त्रियांच्या तुटवड्यातून दोन्ही ठिकाणी एक चमत्कारिक गोष्ट घडली. ब्युनॉस आयर्समध्ये टँगोचा सराव पुरुष पुरुषांबरोबर करीत. नाचायला स्त्री मिळणे दुर्मीळ, ती मिळेल तेव्हा पाऊल चुकता कामा नये, म्हणून. आपल्याकडे जुन्या तमाशात लुगडे नेसून नाचे तो 'नाच्या पोऱ्या'. स्त्री तमाशाच्या बोर्डावर ठळकपणे आली ती नंतर. पठ्ठे बापूरावांच्या फडातील पवळा हे त्या बाबतीत सर्वांत गाजलेले नाव.

वाद्यांचे नाते तर आणखी जवळचे. टँगोचा प्राण मानला जाणारा 'बांदोनियोन' हा भात्याचा बाजा जर्मनीतला. हाइनरिश बांड या व्यापाऱ्याने तो १८४० च्या दशकात विकायला काढला. संगीत बारीतली पायपेटी ही ज्या हार्मोनियमची लेक, त्याचे पेटंट पॅरिसमध्ये १८४२ सालचे. दोन्ही वाद्ये धातूच्या पट्ट्यांवर हवा सोडून वाजतात, दोन्ही युरोपात प्रार्थनेच्या साथीला बसली आणि समुद्र ओलांडल्यावर भलत्याच संगतीत रमली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवले होते, ते ती सोवळ्यातली नाही म्हणून नव्हे, तिचे स्वर आपल्या श्रुतींना मानवत नाहीत म्हणून. बारीतल्या पेटीवाल्यांना या वादाची फारशी खबर नसावी.

साम्य इथवरच. आता जे सांगायचे ते वेगळेपणाबद्दल आहे, आणि आमच्या विषयाचा आरंभही तिथेच होतो.

टँगोला शब्द मिळाले आणि त्याचे गाणे झाले, त्याची खूण १९१७ साली कार्लोस गार्देलने गायलेल्या एका गीतात सापडते. बाई सोडून गेली आहे आणि रिकाम्या खोलीत पुरुष स्वतःशी रडतो आहे. त्यानंतरचे शेकडो टँगो याच खोलीत घडतात. रडणारा पुरुष आणि गेलेली बाई; ती वस्तीतून निघून झगझगीत कॅबेरेत गेली, बिघडली, आता म्हातारी होईल तेव्हा कळेल, असा त्यांचा सूर. हे दुःख पुरुषाचे आणि ते तो स्वतःच्याच आवाजात मांडतो. लावणीत नेमके उलटे. लिहिणारा पुरुष, ऐकणारे पुरुष, पण बोलते ती स्त्री. मोहिमेवर गेलेल्या पतीची वाट पाहणारी, सवतीवर रुसलेली, आर्जव करणारी, धमकावणारी. छावणीतल्या शिपायाला घरची आठवण येते हे लावणी सांगत नाही. घरी कुणीतरी आपल्यासाठी झुरते आहे, असे ती त्याला ऐकवते. विरह त्याचा, रडायचे काम तिचे. अझुसेना माइसानी ही टँगोची मोठी गायिका पुरुषी पोशाख करून रंगमंचावर येई, कारण गाण्यातले दुःख पुरुषाचे होते. आमच्याकडे स्त्रीचे दुःख नाचायला पोऱ्याने लुगडे नेसले. शृंगारिक लावणी शिकवताना 'स्त्रीमनाचा हळुवार आविष्कार' असे शब्द आमच्याही तोंडून अनेक वर्षे गेले आहेत. ते मन होनाजीचे, परशरामाचे, सगनभाऊचे किंवा रामजोशींचे होते, एवढे तरी आम्ही त्याला जोडून सांगायला हवे होते.

दुसरा फरक प्रेक्षकांचा. टँगोच्या ठिकाणी जाणारा माणूस स्वतः नाचतो. नाचत नसला तरी उद्या नाचेल. लावणीच्या बैठकीत गिऱ्हाईक लोडाला टेकून बसते आणि दौलतजादा करते. नाचणारी आणि पाहणारा यांच्या जागा कधीच बदलत नाहीत. टँगोला अब्रू मिळाली कशी, हे पाहिले तर या फरकाचे वजन कळते. १९१३ च्या सुमारास पॅरिसला टँगोचे वेड लागले. त्या वेळचे पॅरिसमधले अर्जेंटिनाचे राजदूत, जे स्वतः नामवंत कादंबरीकार होते, शरमून सांगत की हा नाच आमच्याकडे बदनाम घरांत चालतो. जर्मन कैसरने आपल्या अधिकाऱ्यांना गणवेशात टँगो नाचायला मनाई केली. पण पॅरिसने शिक्का मारला होता. ब्युनॉस आयर्सची मोठी घराणी आपल्याच मागच्या गल्लीतला नाच परदेशी माल म्हणून दिवाणखान्यात घेऊन आली, आणि तिथे सरदारांची मुले-मुली तो एकमेकांना मिठीत घेऊन नाचली. २००९ साली अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन देशांनी मिळून त्याला युनेस्कोच्या यादीत नेले. टँगोला चिकटलेला कलंक जागेचा होता. जागा बदलली तसा तो गळाला. अर्थात या सोहळ्यात कांदोंबेवाल्यांचा चेहरा पुसला गेला. १८८७ च्या गणनेत त्या शहरातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण २ टक्क्यांच्याही खाली दाखवले आहे, आणि त्यानंतर कित्येक दशके टँगोचा इतिहास त्यांच्यावाचूनच लिहिला गेला.

लावणीलाही अब्रू मिळाली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, मग संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर ती उठवली. त्याच काळात, १९४७ मध्ये, राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' पडद्यावर आला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर, गदिमांची गीते, वसंत देसाईंचे संगीत. मध्यमवर्गाला तमाशा पाहता आला तो अंधारात, तिकीट काढून, बायकामुलांसह. तमाशापटांची लाट आली ती त्यानंतर. पॅरिसचे काम आमच्याकडे सिनेमाने केले, असे म्हणता येईल. मात्र गाण्याला मिळालेली अब्रू नाचणारीपर्यंत पोहोचली नाही. कारण इथला कलंक जागेचा नव्हता, जन्माचा होता. शाहीर कोणत्याही जातीचा असे: रामजोशी, अनंत फंदी, प्रभाकर हे ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. नाचणाऱ्या मात्र कोल्हाटी, महार, मांग अशा ठरावीक जातींतून येत. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांनी जात सोडली, घर सोडले, आणि या सोडण्याचेच त्यांच्या नावाभोवती वलय झाले. पवळेला सोडण्यासारखे काही नव्हते. महाडच्या लढ्यासाठी आपल्या तमाशाचे उत्पन्न देऊ करणाऱ्या बापूरावांना डॉ. आंबेडकरांनी, महारांच्या मुली नाचवून मिळवलेला पैसा नको, म्हणून नकार दिला, असा प्रसंग सांगितला जातो. लावणीवर प्रेम करणाऱ्याला हा नकार बोचतो. आम्हांलाही बोचतो, पण तो चुकीचा होता असे म्हणायला जीभ रेटत नाही. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास मांडला आहे. अश्लील ठरवणे आणि जात ठरवणे ही दोन कामे कशी एकत्रच चालतात, ते त्यात सविस्तर आले आहे. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहिले तेव्हा नावामध्ये आईचे नाव लावले. बापाचे लावायला तो हक्क त्यांना कुणी दिलाच नव्हता. नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर घरचे पुरुष बसून खातात, हे त्या पुस्तकाने इतक्या थंडपणे सांगितले की पुढे लावणीबद्दल लिहिताना लेखणी अडखळावी.

आमच्या जिल्ह्यात या गोष्टी फार लांबच्या नाहीत. सोलापूरहून पुण्याकडे निघाले की मोहोळच्या पुढे मोडनिंब लागते. तिथल्या कलाकेंद्रांचे नाव महाराष्ट्रभर आहे, आणि एसटीत ते उच्चारताना लोक अजूनही थोडे हसतात. याच जिल्ह्यातील अकलूजला १९९३ पासून राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा बारीतल्या कलावतींची अदा हजारोंसमोर, उघड्या मंचावर पाहायला मिळाली.

महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत तर आता लावणी हमखास असते. नऊवारी आणि घुंगरू भाड्याने येतात, पहिल्या रांगेत आईवडील मोबाइल धरून बसतात. काही वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलीला आम्ही नाव देण्याचा आग्रह केला. तिचे पाऊल आणि ताल आम्ही युवा महोत्सवाच्या तालमीत पाहिला होता. ती नाही म्हणाली. पुन्हा विचारले तेव्हा, दाराशी थांबून, म्हणाली, "त्या नाचल्या की डान्स होतो, सर. मी नाचले की जात कळते." तिच्या घरचे आम्हांला तोवर काही ठाऊक नव्हते. त्या वर्षीही संमेलनात तीन लावण्या झाल्या आणि तिन्हींना वन्समोअर मिळाला.

हल्ली रामजोशींच्या तासाला आम्ही पंढरपूरपाशी जरा जास्त वेळ थांबतो. तमाशा सोडून रामजोशी संस्कृत शिकायला गेले ते पंढरपुरास. त्याच पंढरपुरात १९३५ साली, तमाशाच्या फडावर हयात काढणाऱ्या मांग घराण्यात, विठाबाई नारायणगावकर जन्मली. पोटुशी असताना ती बोर्डावर नाचत होती, कळा आल्या तेव्हा मागे जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आली, ही हकिकत तमाशाच्या जगात सर्वांना पाठ आहे. तिला राष्ट्रपतींचे पदक मिळाले. शेवटच्या आजारात इस्पितळाच्या बिलासाठी लोकांकडून वर्गणी करावी लागली. ती २००२ साली गेली. तिच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्य सरकारने २००६ मध्ये सुरू केला.