सुशी न आवडणाऱ्या पाहुण्यांसाठी जपानी जेवण

बडोद्याच्या मराठी घरांना जपान आता फार परका राहिलेला नाही. श्रीमंत सयाजीराव महाराज १९१० साली जपानला जाऊन आले होते. आज मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन जपानी तंत्रज्ञानावर उभी राहत आहे आणि तिच्या प्रशिक्षणाची संस्था आपल्याच शहरात आहे. कोणाचा मुलगा टोकियोला असतो, कोणाची सून जपानी कंपनीत. मग साठीशांत, वाढदिवस किंवा मुलांच्या घरी येण्याच्या निमित्ताने "या वेळी जपानी बेत करू" असे ठरते, आणि पहिल्याच वाक्याला सुशीवरून वाद होतो.

सुशी नको म्हणणाऱ्याला नेमके काय नको असते, हे आधी विचारावे. सुशी म्हणजे कच्चा मासा असा सर्वसाधारण समज आहे, पण सुशी हा शब्द व्हिनेगर लावलेल्या आंबटसर भाताचा. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. काकडीची सुशी पूर्ण शाकाहारी असते. तरीही कोणाला नोरी या समुद्री शेवाळाचा वास सोसत नाही, कोणाला गार भात घशाखाली उतरत नाही. हे खरे अडथळे आहेत, त्यात मागासलेपणा काही नाही. पाहुण्याला आग्रह करून "एकदा खाऊन तर बघा" म्हणू नये.

आता मुख्य मुद्दा. सुशी वगळली म्हणजे जेवण शाकाहारी झाले, असे मुळीच नाही. जपानी स्वयंपाकात मासा ताटात दिसतो त्यापेक्षा पाण्यात जास्त असतो. त्या पाण्याला दाशी म्हणतात. कोम्बू हे शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाचा कीस, यांचा तो अर्क. काही ठिकाणी लहान सुके मासे वापरतात. आपल्या कोकणातल्या सुकटीचे भाऊबंदच म्हणा. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, तेम्पुराबरोबरची चटणी, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत दाशी असू शकते, आणि माशाचा तुकडा मात्र कुठेच दिसत नाही. आपल्या पंक्तीला शेजारचे वैष्णव, जैन, स्वामिनारायण कुटुंब असते, चातुर्मास पाळणाऱ्या आपल्याच मावशी असतात. त्यांनी विश्वासाने वाटी तोंडाला लावलेली असते.

म्हणून पाकीट वाचल्याशिवाय काही वापरू नये. मिसो मुळात सोयाबीनचा, पण दाशी आधीच मिसळलेला मिसोही मिळतो. जपानी करीच्या तयार वड्यांमध्ये पुष्कळदा प्राण्यांची चरबी असते. इथल्या दुकानातल्या पाकिटावर हिरवी किंवा तपकिरी खूण असते. मुलाने सामानातून आणलेल्या पाकिटावर ती नसते आणि मजकूर जपानीत. असे पाकीट मुलाकडून नीट वाचून घ्यावे, तो घाईत असेल तर बाजूला ठेवावे. बँकेत सही जुळल्याशिवाय चेक पास करत नसत, तोच नियम इथे. मिरिन हा गोड द्रवही सांभाळावा: अस्सल मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के मद्यार्क असतो आणि आपल्या राज्यात दारूबंदी आहे. साखर आणि थोडे पाणी घातले तरी काम भागते.

यावर उपाय जपानकडेच आहे. तिथल्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी नावाची शाकाहारी पद्धत चालत आली आहे. तीत मांस-मासा नाहीच, कांदा-लसूणही नाही. दाशी कोम्बू आणि वाळलेल्या शिताके अळिंबीची करतात. जैन पाहुणे असतील तर अळिंबीही चालणार नाही. तेव्हा कोबीची पाने आणि मक्याची बुरकुंडे उकळून पाणी गाळून घ्यावे, वर सोया सॉस. चव वेगळी येते, पण बरी येते.

पदार्थांत पहिला मान तेम्पुराला. सोळाव्या शतकात गोव्यावरून पुढे जपानला गेलेल्या पोर्तुगीजांकडून ही तळण्याची रीत तिथे रुजली, असे मानतात. आपल्या भज्यांशी नाते दिसते, पण कृती उलटी आहे. १ वाटी मैद्यात २ चमचे तांदळाचे पीठ, त्यात साधारण १ वाटी बर्फाचे पाणी. हळद, ओवा, सोडा काही नाही, आणि पीठ फेटायचे नाही. गुठळ्या राहू द्याव्यात. फेटले की कवच चिवट होते. खंडेराव मार्केटमधून सकाळी आणलेली वांगी, भोपळी मिरची, भेंडी, लाल भोपळा, रताळे पातळ कापून, पुसून कोरडे करून तळावे. चटणीऐवजी मीठ, किंवा सोया सॉस, पाणी, साखर आणि किसलेले आले-मुळा. हा पदार्थ थांबत नाही. पाहुणे बसल्यावरच कढई चढवावी, एक माणूस त्याच कामाला ठेवावा.

ज्येष्ठांना कोरोक्के हमखास आवडतात. उकडलेल्या बटाट्याच्या चपट्या वड्या, मैद्याच्या पातळ पिठात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळायच्या. बटाटेवड्याचा सौम्य चुलतभाऊ! हेच करीभातावर ठेवले की पोटभर जेवण होते. जपानी करी इंग्रजांमार्फत तिथे पोहोचली म्हणून ती मैद्याने दाट केलेली आणि गोडसर असते. ती रासबिहारी बोस यांना पसंत नव्हती. १९१५ साली जपानला गेलेल्या या क्रांतिकारकाने पुढे टोकियोच्या नाकामुराया दुकानात १९२७ पासून अस्सल हिंदुस्थानी करी सुरू करवली, ती आजही तिथे मिळते. ही गोष्ट पंक्तीत सांगितली की करी आपोआप दुसऱ्यांदा वाढून घेतली जाते.

भात हवाच असेल तर ओनिगिरी करावी. हा व्हिनेगरशिवाय साधा भात, मिठाच्या पाण्याने हात ओले करून वळलेला. बासमती घेऊ नये, सुटा पडतो. इंद्रायणी उत्तम, आंबेमोहोरही चालतो. मध्ये जपानी लोक खारवलेले आंबट फळ घालतात, आपले मुरलेले लिंबाचे लोणचे तिथे नेमके बसते. नोरी न लावता तव्यावर सोया सॉसचा हात फिरवून खरपूस भाजावी, म्हणजे वासाचाही प्रश्न मिटतो आणि गार भाताचाही. १ किलो तांदळाच्या लहान पंचवीसेक होतात. मात्र सुशीच्या भाताला व्हिनेगरचे थोडे संरक्षण असते, याला नाही. बडोद्याच्या मे महिन्यात सकाळी वळून संध्याकाळी वाढू नये. केल्यापासून दोन तासांत संपवावी. सोया सॉसमध्ये गहू असतो, तेव्हा गहू वर्ज्य असणाऱ्यांना आधी सांगावे.

काकडीची कोशिंबीर दही आणि कूट न घालता व्हिनेगर, साखर, मीठ लावून करावी. याहून जास्त पदार्थ वाढवू नयेत.

गोडाला योकान. लाल चवळी शिजवून, गाळून, साखरेत आटवायची, अगदी पुरणासारखी, फक्त वेलची-जायफळ नाही. मग चायना ग्रासच्या पाण्यात मिसळून थाळीत ओतायची. नाव चायना ग्रास असले तरी जपानमध्ये तेच कांतेन म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आणि ते शेवाळापासून होते; जिलेटिन प्राण्यांचे असते, ते घेऊ नये. आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवता येते. वड्या लहान पाडाव्यात, कारण पुरणाची सवय असलेल्या माणसाला ती आधी थोडी फिकी वाटते आणि दुसरी वडी तो स्वतःच मागतो.