शिहाता यांचे टिपण

डिसेंबर १९९० मध्ये जागतिक बँकेचे मुख्य विधी सल्लागार इब्राहिम शिहाता यांनी एक कायदेशीर टिपण लिहिले. कर्ज घेणाऱ्या देशाच्या कारभारात बँकेने कितपत लक्ष घालावे, हा त्याचा विषय. बँकेच्या १९४४ च्या स्थापना-करारातले चौथे कलम सदस्यदेशांच्या राजकारणात ढवळाढवळ करायला मनाई करते. निर्णय केवळ आर्थिक निकषांवर घ्यावेत, असे सांगते.

शिहाता इजिप्तचे. हार्वर्डमधून कायद्याची डॉक्टरेट, कुवेत फंडातली नोकरी, ओपेक फंडाचे पहिले महासंचालकपद, आणि १९८३ ते १९९८ बँकेत. टिपणात त्यांनी रेघ कुठे ओढली ते बारकाईने पाहावे. प्रशासनातील सुधारणा, सार्वजनिक पैशाचा हिशेब, कायद्याचे राज्य हे विकासाशी जोडलेले, म्हणून बँकेच्या कक्षेत. राज्यपद्धती कोणती असावी, हे कक्षेबाहेर.

१९९५ मध्ये अध्यक्ष झालेले जेम्स वुल्फेन्सन पुढे सांगत, की भ्रष्टाचाराचे नाव काढू नका, तो राजकीय विषय आहे, असे मुख्य विधी सल्लागारांनी त्यांना सुरुवातीलाच बजावले होते. ही आठवण वारंवार सांगितली जाते आणि तीत शिहाता अडसर वाटतात. कागद पाहता मला हे चित्र अपुरे वाटते. १ ऑक्टोबर १९९६ च्या भाषणात वुल्फेन्सन यांनी भ्रष्टाचाराला कर्करोग म्हटले. त्यांचा आधार एवढाच, की तो विकासाला मारक आहे, म्हणून आर्थिक प्रश्न आहे. हीच वाट १९९० च्या टिपणाने मोकळी केली होती. १९९६ मध्येच बँकेच्या खरेदीच्या नियमांत बदल झाले: ठेक्यात लाच आढळल्यास निविदा नाकारायची, कर्जाचा तेवढा भाग रद्द करायचा.

शिहाता यांच्या कामाला आपल्याकडचा धागाही आहे. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातले मणिबेली हे गाव बँकेच्या कर्जातून उभ्या राहणाऱ्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली जात होते. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीच्या १९९२ च्या अहवालाने पुनर्वसनातल्या त्रुटी उघड केल्या. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने तपासणी मंडळ स्थापले. बाधितांना थेट तक्रार करता येईल, असे हे मंडळ. शिहाता यांनी त्यावर १९९४ मध्ये ग्रंथ लिहिला.

त्यांच्या काटेकोरपणाने बँकेला अधिकार दिले आणि मर्यादाही घातल्या. लाचखोर ठेकेदाराला दूर ठेवता आले. त्याला पोसणाऱ्या राजवटीच्या स्वरूपावर बोट ठेवणे मात्र रेघेपलीकडेच राहिले.