हॅडली कॅसल

इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याने १८२९ मध्ये पूर्ण केलेले तैलचित्र. एसेक्स परगण्यात थेम्स नदी समुद्राला मिळते तिथल्या टेकडीवर चित्रातला हा पडका किल्ला आहे. तेराव्या शतकात ह्यूबर्ट द बर्गने तो बांधला, चौदाव्यात तिसऱ्या एडवर्डने वाढवला. १५५१ मध्ये तो विकत घेणाऱ्या लॉर्ड रिचने दगडांसाठी त्याची मोडतोड केली, आणि खचत्या चिकणमातीने उरलेल्या भिंतीही खाली ओढल्या. चित्रात डावीकडे उभा तडकलेला बुरूज, जवळच मेंढपाळ व त्याचा कुत्रा. उजवीकडे नदीचे रुंद मुख, पलीकडे केंटचा किनारा, आणि ढगांतून पाण्यावर उतरणारी किरणे.

कॉन्स्टेबलची पत्नी मारिया नोव्हेंबर १८२८ मध्ये क्षयाने वारली. त्यानंतर काही महिन्यांतच हे चित्र रॉयल अकॅडमीत मांडले गेले, म्हणून ते विधुराच्या शोकाचे चित्र मानण्याची प्रथा पडली. ती अर्धीच खरी आहे. कॉन्स्टेबलने हा किल्ला पाहिला १८१४ मध्ये. तेव्हाच त्याने वहीत पेन्सिलीने त्याचे छोटे रेखाटन केले आणि मारियाला लिहिलेल्या पत्रात या किनाऱ्याच्या उदास भव्यतेचा उल्लेख केला. त्यांचे लग्नदेखील तेव्हा व्हायचे होते. म्हणजे उदासपणा त्याला त्या जागेतच दिसला होता, मृत्यूच्या कितीतरी आधी. शिवाय प्रदर्शनात चित्राच्या नावाला त्याने जोड दिली ती ‘थेम्सचे मुख, वादळी रात्रीनंतरची सकाळ’ अशी, आणि सोबत जेम्स टॉमसनच्या ग्रीष्मावरील काव्यातल्या ओळी छापल्या. त्या ओळींचा विषय सूर्याचा प्रताप हा आहे. उन्हात भग्नावशेषही लखलखतात असे त्यांत वर्णन आहे. वादळ सरले आहे, गुरे चरत आहेत, पाणी चमकते आहे. चित्राचा मोठा भाग आकाशाने व्यापला आहे, आणि कॉन्स्टेबलच्या मते निसर्गचित्राचा भाव मुख्यतः आकाशच ठरवते.

यावर आक्षेप असा, की पंधरा वर्षे वहीत पडून असलेला विषय नेमका याच हिवाळ्यात का उचलला गेला? हा प्रश्न रास्त आहे. मारियाच्या मृत्यूनंतर आपले जगच बदलून गेल्याचे त्याने भावाला लिहिले होते, आणि विषयाच्या निवडीमागे ते दुःख असणार हे मान्यच केले पाहिजे. पण निवड आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप रंगलेपनावरून घेतला जातो: रंगाचे खरबरीत थर आणि पांढरे फटकारे हे अस्वस्थ मनाचे लक्षण होय. मात्र मोठ्या चित्राआधी त्याच आकाराचा तैलखर्डा मोकळ्या हाताने रंगवण्याची त्याची पद्धत १८२० च्या आसपासपासूनची आहे, आणि त्याच्या पांढऱ्या ठिपक्यांवर समीक्षक आधीपासूनच नाराज होते. याही चित्राचा पूर्णाकृती खर्डा उपलब्ध आहे. तो जास्त काळवंडलेला आहे. अंतिम चित्रात उजेड वाढला आहे. केवळ शोकच मांडायचा असता, तर खर्ड्याकडून चित्राकडे जाताना कॉन्स्टेबल उजेडाच्या दिशेने गेला नसता. खर्डा लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, तर अंतिम चित्र अमेरिकेत न्यू हेवन येथील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये.