खोबरेल गोठते, जवसाचे तेल का नाही?

पुसदमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तर हिवाळ्यात पहाटे तो पंधरा अंशांच्याही खाली उतरतो. साहजिकच खोबरेल तेलाची बाटली ऋतूगणिक रूप पालटते. खोबरेलाचा द्रवणांक सुमारे २४ अंश सेल्सिअस आहे. त्याच फळीवरचे जवसाचे तेल मात्र ऐन थंडीतही वाहते राहते.

पदार्थ वितळतो तेव्हा त्याचे रेणू फुटत नाहीत. सैल होते ती रेणूरेणूंमधील ओढ. हिलाच आंतररेण्वीय बल म्हणतात. ही ओढ जितकी प्रबळ, तितका द्रवणांक जास्त. पाण्यात हायड्रोजन बंध असल्याने बर्फ शून्य अंशाला वितळतो. रेणू जड असूनही हायड्रोजन सल्फाइड मात्र उणे ८६ अंशांच्या आसपासच वितळतो. तेलांत प्रामुख्याने असते ते दुबळे व्हॅन डर वाल्स बल. ते अगदी जवळच्या अंतरावरच जाणवते. म्हणून रेणू एकमेकांना किती चिकटून बसतात, याला महत्त्व येते.

तेलांतील मेदाम्लांकडे पाहा. स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक आणि लिनोलेनिक या चारही आम्लांत कार्बनचे अणू १८च. स्टिअरिकची साखळी सरळ. तिचे रेणू काड्यापेटीतील काड्यांसारखे दाटीने बसतात आणि ६९ अंशांपर्यंत वितळत नाहीत. ओलेइकमध्ये एक दुहेरी बंध आल्याने साखळी वाकते; द्रवणांक थेट १३ अंशांवर येतो. लिनोलेइकमध्ये असे दोन बंध (उणे ५), तर जवसात विपुल असलेल्या लिनोलेनिकमध्ये तीन (उणे ११). वजन जवळजवळ तेच, फरक केवळ आकाराचा!

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. सरकीच्या तेलात सरळ साखळीचे पामिटिक आम्ल जवळपास पाव हिस्सा असते, त्यामुळे ते थंडीत गढूळ होते. केवळ त्यावरून भेसळीचा संशय घेणे योग्य नव्हे. बाटली कोमट पाण्यात ठेवल्यास तेल पुन्हा निवळते. कारखान्यांत तेल मुद्दाम थंड करून हा घट्ट अंश गाळून काढतात.

वनस्पती तुपात याच्या उलट केले जाते. निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिसळून दुहेरी बंध कमी केले, की साखळ्या सरळ होतात आणि तेल थिजते. या प्रक्रियेत काही दुहेरी बंध उरतात, पण त्यांची रचना 'ट्रान्स' प्रकारची होते व साखळी फारशी वाकत नाही. ओलेइकचेच असे रूप ४५ अंशांच्या आसपास वितळते. हे ट्रान्स मेद हृदयाला घातक ठरल्याने भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले आहे.