बिब्बा, काजू आणि चारोळी : एका कुळाचा इतिहास

रायपूरच्या बूढापारा, तात्यापारा या जुन्या वस्त्यांतील मराठी घरे जिला चारोळी म्हणतात, तिलाच शेजारचे छत्तीसगढी घर चिरौंजी म्हणते. श्रीखंडावरची ही चारोळी, कतलीतला काजू आणि बाळंतिणीच्या लाडवांतली गोडंबी ही तिन्ही एकाच वनस्पतिकुळातली. आंबा आणि पिस्ताही त्याच कुळातले.

गोडंबी म्हणजे बिब्ब्याचा गर. त्याच्या टरफलातील चीक अंगाला लागला की फोड येतात. ‘बिब्बा उतला’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. आयुर्वेदाने भल्लातकाला औषधांत मानाचे स्थान दिले, पण ते जपून वापरण्याच्या इशाऱ्यासह. युरोपात ‘अनाकार्डियम’ हे नाव मुळात बिब्ब्याचे होते. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणलेल्या काजूला ते १७५३ मध्ये लिनियसने दिले. बिब्ब्याच्या वाट्याला ‘सेमेकार्पस’, म्हणजे खुणेचे फळ, हे नाव आले. कारण धोबी त्याच्या चिकाने कपड्यांवर खुणा करीत.

त्याच खुणेने वैद्यकाला धडा दिला. दुसऱ्या महायुद्धात भारतातील अमेरिकन सैनिकांना, कपड्यावरील खूण जेथे टेके तेथेच, खाजरे चट्टे उठू लागले. क्लॅरेन्स लिव्हिंगूड आणि सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये त्याचे कारण बिब्ब्याच्या चिकात दाखवून दिले. काजूच्या टरफलातील तेलही असेच दाहक आहे; काजू फोडणाऱ्या स्त्रियांचे हात त्याची साक्ष देतात.

मात्र गराची ॲलर्जी निराळी. चिकाची प्रतिक्रिया शरीरातील टी-पेशी घडवतात आणि ती बहुधा एक-दोन दिवसांनी दिसते. गरातील प्रथिनांविरुद्ध आयजीई हे प्रतिपिंड काम करते आणि काही मिनिटांत श्वास कोंडू शकतो. ‘ॲलर्जी’ हा शब्द पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. आयजीईचा शोध इशिझाका दांपत्याने १९६६ मध्ये लावला. काजूतील काही प्रथिने भाजल्यानेही नष्ट होत नाहीत. ती पिस्त्यातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की ज्याला काजू बाधतो, त्याला पिस्ताही बाधण्याची शक्यता मोठी असते. तरीही कूळ एक म्हणून प्रत्येक फळ वर्ज्य ठरत नाही. तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनीच घ्यावा.

भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार वेष्टित पदार्थांवर कवचफळांचा उल्लेख बंधनकारक आहे. पण ताटातल्या सुट्या मिठाईला वेष्टन नसते. तेथे एका लेकराचा जीव ‘यात काजू आहे का?’ या प्रश्नावर आणि त्याच्या खऱ्या उत्तरावर अवलंबून असतो.